पणजीची बहीण

लेकीच्या शाळेत ‘फॅमिली ट्री’ करून आणायला सांगितलं होतं. तिने चार दिवस खपून चार्ट पेपरवर मोठं झाड काढलं, खोडाला तपकिरी खडू घासला, हिरव्या कागदाची पानं कातरली आणि प्रत्येक पानावर एकेक चेहरा डकवला. मोबाइलवर फोटो काढायचा, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचा, कापायचा, चिकटवायचा. कामात आम्ही कोणी लक्ष घातलं नाही. चवथीचे दिवस जवळ आले होते आणि घरात रंगकाम निघालं होतं, त्यामुळे सगळेच चुन्यात आणि धुळीत माखलेले. चार्ट शाळेतून परत आला तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. कोपऱ्यात हिरव्या शाईत दहापैकी दहा, शेजारी हसरा चेहरा. वरच्या फांदीवर माझी आजी, आणि तिच्या शेजारच्या पानावर आणखी एक बाई. कपाळावर टिकली, पदर नीट खांद्यावर घेतलेला, नजर थेट समोर. खाली लेकीच्या वळणदार इंग्रजीत लिहिलेलं, ‘ग्रेट ग्रँडमदर्स सिस्टर’. म्हणजे पणजीची बहीण.

ती बाई म्हणजे शशिकला काकोडकर, गोव्याच्या एकेकाळच्या मुख्यमंत्री.

चूक लेकीची नाही, माझी. रंगाऱ्याला जागा करून द्यायला मी चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीच्या दांड्याखालची भिंत मोकळी करत होतो. आजी-आजोबांचा फोटो उतरवला, दत्ताची तसबीर उतरवली, मग ही तिसरी. लेक खाली उभी राहून एकेक फ्रेम हातात घेत होती. तिने विचारलं, ‘ही कोण? पणजीची बहीण?’ माझ्या तोंडात खिळा, एका हातात हातोडी, डोळ्यात कोळ्याचं जाळं. मी म्हणालो, ‘हं, तसंच.’ खरं सांगायचं तर गोवामुक्तीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि रंगारी शिडी घेऊन मागे ताटकळत होता. शिवाय ते अगदीच खोटंही नव्हतं. आमच्या घरात तो फोटो नातेवाइकांच्याच रांगेत होता. एखाद्या पुढाऱ्याचा फोटो लावतात तसा तो कधी लावलेलाच नव्हता.

तरी तो चार्ट मनातून जाईना. दहापैकी दहा देणारी शिक्षिका गोव्याचीच असणार, तिशीतली. मुख्यमंत्रिपदावर साडेपाच वर्षं बसलेल्या बाईचा चेहरा तिच्या हाताखालून गेला आणि तिला काही वाटलं नाही. गोव्याला दुसरी महिला मुख्यमंत्री आजतागायत मिळालेली नाही, म्हणजे गोंधळ व्हायला दुसरं कोणी नव्हतंच. पण मला तिचा राग आला नाही. मलाच कुठे तरी पकडल्यासारखं झालं.

फोटोची गोष्ट अशी. १९७७ च्या निवडणुकीत वाटलेलं ते प्रचारपत्रक. खाली सिंहाचं चिन्ह होतं, फ्रेमवाल्याने ते अर्धं कापलं, म्हणून तसबिरीच्या तळाशी आजही सिंहाची आयाळ तेवढी दिसते, तोंड नाही. आजीने फोंड्याच्या बाजारातून फ्रेम करून आणली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने, स्वतःच्या पैशाने. देवाला फुलं वाहून झाली की उरलेला अबोलीचा गजरा त्या फ्रेमच्या कोपऱ्यात अडकवायची. पूजा म्हणून नव्हे, घरातल्या मुलीच्या केसात माळावा तसा. अबोली सुकली तरी रंग धरून राहते, त्यामुळे काचेच्या त्या कोपऱ्याला कायम एक नारिंगी कडा असायची. आमच्याकडे त्यांना शशिकला कोणी म्हणत नव्हतं. त्या ताई. त्यांचे वडील, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, ते भाऊ. मुख्यमंत्री हा शब्द वापरायची वेळच यायची नाही.

भाऊ गेले ते १२ ऑगस्ट १९७३ ला, ऐन श्रावणात. मी तेव्हा आईच्या पोटात होतो, त्यामुळे माझं वय आमच्या घरात नेहमी भाऊंच्या जाण्यावरून मोजलं गेलं. ‘भाऊ गेले तेव्हा हा सहा महिन्यांचा पोटात.’ गावात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत, असं आई सांगायची. पुढे मी शेजारपाजारच्या गावांतल्या मंडळींकडूनही हेच वाक्य ऐकलं. वडील गेले आणि त्याच आठवड्यात मुलगी त्यांच्या जागी बसली. वय अडतीस. देशात तिच्याआधी अशा खुर्चीवर बसलेल्या बायका दोनच, सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी. आज कोणी असं केलं तर आपण घराणेशाही म्हणून दोन अग्रलेख लिहू, आणि बरोबरच लिहू. तेव्हा आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मागून भाटकाराचा मुलगा येतो, भाऊंच्या मागून ताई आल्या. फरक एवढाच, की ह्या वेळी वारसा आमच्या बाजूचा होता.

आमच्या बाजूचा म्हणजे काय, हे समजायला आमचं घर बघायला हवं. घर आजोबांनी बांधलं, चिरे आजोबांनी वाहिले, माती आजीने तुडवली. जमीन मात्र भाटकाराची. आम्ही मुंडकार. छपरावरचे नळे, म्हणजे कौलं, बदलायचे तर परवानगी, मागच्या बाजूला पडवी काढायची तर परवानगी. झावळ्या काढून नळे चढवायला आजोबांना सात वर्षं लागली. पैसे दुसऱ्याच वर्षी साठले होते, पण भाटकाराला वाटायचं, नळे चढले की माणूस हलत नाही. त्याचं वाटणं बरोबर होतं. भाटकाराकडे लग्न असलं की आजी तीन दिवस आधी वाटायला, कांडायला जायची. मजुरी नाही, जेवण आणि वर एक नारळ. ह्याला वेठ म्हणतात हे मी शाळेत शिकलो. आजी त्याला ‘वयर वचप’ म्हणायची, वर जाणं, कारण भाटकाराचं घर टेकाडावर.

१९७५ साली ताईंच्या सरकारने मुंडकारांना घरातून काढता येणार नाही असा कायदा केला. घर आणि भोवतालची थोडी जागा रीतसर विकत घ्यायचा हक्कही त्यातच. दुसऱ्या वर्षी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली. जो कसतो तो २० एप्रिल १९७६ पासून मालक मानला जाईल, किंमत मामलेदार ठरवील, अशी. कागदावर ही दोन कलमं. आमच्या वाड्यावर त्यांचा पहिला परिणाम काय झाला असेल? आजी एका लग्नाला वर गेलीच नाही. आजारी आहे असा निरोप धाडला. आजारी नव्हती, दिवसभर दारात बसून तांदूळ निवडत राहिली, आणि टेकाडावरून येणाऱ्या बँडच्या आवाजाकडे तिने एकदाही मान वळवली नाही. आई म्हणायची, त्या दिवशी तिने तेच तांदूळ तीनदा निवडले.

पण टेकाडावरही माणसंच राहत होती. भाटकाराची धाकटी मुलगी माझ्या काकाच्या वर्गात होती आणि तिची आई शेवटपर्यंत आम्हा पोरांना बोलावून बिबिंका द्यायची. एकदा म्हणाली, ‘तुमकां घर मेळ्ळें, आमचें भाट गेलें.’ तुम्हाला घर मिळालं, आमची बागायत गेली. आवाजात राग नव्हता. हिशोब सांगितल्यासारखं बोलली. त्यांचं मोठं घर आज अर्धं कोसळलंय, भावाभावांत आणि परदेशातल्या चुलत्यांत वाटण्या न झाल्याने. आणि कसणाऱ्याच्या नावावर झालेल्या खालच्या शेतांपैकी निम्मी गेली वीस वर्षं पडीक आहेत, ह्यात आमचाही एक तुकडा आहे. कसेल त्याची म्हणून मिळालेली जमीन आम्ही कसत नाही. ह्याचा दोष कोणाला द्यायचा तो द्या, पण त्या बाईला देता येत नाही.

आजोबा ताईंना एकदाच बघायला गेले होते, मला घेऊन. भेटायला नव्हे, बघायला. कदंबची बस तेव्हा सुरू व्हायची होती. खाजगी गाडीत उभे राहून पणजीला गेलो. मांडवीच्या काठी आदिलशाही राजवाड्यात तेव्हा विधानसभा भरायची, सचिवालय म्हणायचे सगळे. बाजूलाच आबे फारियाचा पुतळा, आडव्या पडत्या बाईवर हात रोखून उभा. मी त्याला घाबरून रडलो आणि आजोबांचं सगळं लक्ष मला गप्प करण्यात गेलं. तेवढ्यात पांढऱ्या गाड्यांपैकी एक गाडी आत गेली. ‘ताय गेली,’ कोणी तरी म्हणालं. आजोबांनी पाहिलीच नाही. घरी येऊन मात्र त्यांनी आजीला साडीचा रंगसुद्धा सांगितला. मी पाच वर्षांचा असेन, तरी मला कळलं की आजोबा खोटं बोलतायत, आणि मी बोललो नाही. आता वाटतं, ताईंच्या बाबतीत खोटं बोलायची चाल आमच्या घरात तिथूनच पडली असावी.

एप्रिल १९७९ आठवतो तो मुख्यतः वासाने. अंगणात आजी काजूच्या बिया भाजत होती. त्या तेलकट काळ्या धुराने डोळे चरचरतात, म्हणून आम्हा मुलांना लांब बसवलेलं. पोसऱ्यावर, म्हणजे गावातल्या दुकानात, रेडिओ, बाकड्यावर काजूची दारू, हुर्राक, घेऊन बसलेली पुरुषमंडळी. ताईंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, म्हणजे मगोचे, तीसपैकी पंधरा आमदार, त्यातले तिघे विधानसभेत विरोधकांना जाऊन मिळाले आणि सरकार गडगडलं. आजोबा घरी आले, खांद्यावरचा पंचा आपटला आणि म्हणाले, ‘घरच्यांनींच केलें.’ आजीने विस्तवातली बी चिमट्याने उलटली. धुरामुळे असेल, डोळे पुसले. पुढे राष्ट्रपती राजवट, आणि जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोचे फक्त ७ निवडून आले. देवराज अर्स यांच्या काँग्रेसचे २०, आणि ते वीस जण तिथूनही पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले.

आता ह्यातली खरी गोष्ट. त्या निवडणुकीत आजोबांनी सिंहाला मत दिलं नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण आजीला कळलं. कसं, ते विचारू नका; चाळीस वर्षांच्या संसारात हे कळतं. ज्यांच्या कायद्याने डोक्यावरचं छप्पर राहिलं त्यांनाच आजोबांनी पाडायला हातभार लावला होता. का? त्यांच्याकडे कारण होतं असं मला वाटत नाही. मामलेदार कचेरीत खेपा घालून ते कंटाळले होते, तारखेवर तारीख पडत होती. वाड्यावरच्या दुसऱ्याचं काम आधी झालं ह्याचा डूख होता. आणि पोसऱ्यावर वारं फिरलं होतं. भिकेचा मिंधेपणा माणसाला नको असतो, तसा हक्काचाही नको असतो बहुतेक. कोणी तरी आपल्यासाठी केलं, ही जाणीव खांद्यावर फार दिवस बाळगवत नाही.

थोडक्यात, गोमंतकीय मताचा थांग लागत नाही, आणि हे जुनं आहे. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौलात गोव्याने फुलाला म्हणजे महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला ३४,०२१ मतांनी नाकारलं आणि दोन पानं, म्हणजे वेगळं राहणं, निवडलं. आणि थोड्याच दिवसांत झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवाल्या मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवलं. माझ्या आजोबांनी फुलाला मत दिलं होतं. फुलाचा पराभव झाला ते बरंच झालं, असं मला आज वाटतं; घरात बोलायची सोय नाही.

ताईंनीही पुढे आम्हाला कमी गोंधळात टाकलं नाही. सत्ता गेल्यावर त्या काँग्रेसमध्ये गेल्या. वडिलांनी वाढवलेला पक्ष सोडून. त्या दिवशी बाबांनी फोटो उतरवला आणि कपाटामागे सरकवला. चुन्याच्या भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला, आणि तो चौकोन फोटोपेक्षा जास्त दिसायचा. पुढे त्यांनी भाऊंच्या नावाने वेगळा पक्ष काढला, तो चालला नाही, मग त्या मगोत परतल्या. एके दिवशी शाळेतून आलो तर फोटो जागेवर. काचेवर धुळीचा कण नाही. म्हणजे मधली काही वर्षं कपाटामागेही आजी तो पुसत होती.

आज हे सगळं सांगताना हसू येतं, कारण तेव्हा तिघे फुटले तर गावात वर्षभर तिघांचा उद्धार चालला होता. २०१९ साली काँग्रेसचे दहा आमदार एका रात्रीत भाजपात गेले. २०२२ च्या जानेवारीत उमेदवारांना देवळात, खुरसापुढे म्हणजे क्रुसापुढे आणि दर्ग्यात नेऊन शपथा घातल्या, फुटणार नाही म्हणून. अकरा निवडून आले आणि सप्टेंबरात आठ गेले. मी ती बातमी मोबाइलवर वाचली, पुढे सरकवली आणि मासळीचा भाव विचारला. पंचा आपटायला खांद्यावर पंचा तर हवा.

पण मला ताईंबद्दल जे टोचतं ते राजकारणातलं नाही. १९९० मध्ये त्या शिक्षणमंत्री होत्या, तेव्हा प्राथमिक शाळांना अनुदान हवं तर शिकवणं मराठीतून किंवा कोंकणीतून, असा निर्णय झाला. मी तेव्हा अकरावीला. गावच्या सरकारी मराठी शाळेत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलेलो. घरात कोंकणी, पाटीवर मराठी, आणि त्यात काही विसंगती आहे असं आमच्या कधी मनात आलं नाही; ते भांडण मोठ्यांनी ऐंशीच्या दशकात आणून दिलं. त्या निर्णयाने मला छाती फुगल्यासारखं झालं होतं. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या अग्रभागी उभ्या राहिल्या. मी तेव्हा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाजूने तावातावाने भांडलोय.

२०१६ च्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी पणजीच्या आझाद मैदानावरून बसने जात होतो. मंचाची सभा चालली होती. लाउडस्पीकरवरून ‘मातृभाषा’ हा शब्द तुटक तुटक बसच्या खिडकीतून येत होता. माझ्या शर्टाच्या खिशात लेकीच्या शाळाप्रवेशाची पावती होती. शाळा इंग्रजी. मी उतरलो नाही. बस सिग्नलला थांबली तेवढा वेळ मी मोबाइलमध्ये बघत राहिलो, आणि मोबाइल तर बंद होता.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला ताई गेल्या. ती रात्र नेमकी दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांची. वाड्यावरची पोरं कागदाचे लगदे, गवत आणि डोळ्यांच्या जागी लाल दिवे घेऊन घाईत होती, डीजेवर काही तरी धडधडत होतं. आजी तेव्हा नव्वदीच्या घरात, ऐकू कमी यायचं. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, ‘ताय गेली.’ तिने विचारलं, ‘खंय?’ कुठे? चाळीस वर्षांपूर्वी सचिवालयाच्या फाटकाशी हेच दोन शब्द ऐकले होते, ते मला त्या क्षणी आठवले, आणि मी पुढे काही बोललो नाही. पहाटे नरकासुर जळाला. सकाळी फोहे झाले, पाच तऱ्हांचे. आजीने कारिट फोडलं, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात अबोली नव्हती म्हणून झेंडूचं फूल खोचलं. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी तीही गेली.

तर चार्ट. आठवडाभराने मी लेकीला घेऊन बसलो आणि सांगितलं, ही पणजीची बहीण नव्हे. पणजीला राहायची, एवढंच. तिला विनोद कळला नाही. ‘मग आपल्या भिंतीवर का?’ मी म्हटलं, आपलं घर तिच्यामुळे राहिलं. ‘तिने दिलं?’ नाही, घर आपलंच होतं. ‘मग?’ ह्या ‘मग’ला मला उत्तर देता येईना. उठून ट्रंक उघडली. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर, त्यावर आणखी एक पिशवी, आणि आत मामलेदाराचा हुकूम. १९८३ सालचा, टंकलेखन केलेला, जांभळा शिक्का, घड्यांवर फाटत आलेला. आजोबांनी तो कपाळाला लावून घरी आणला होता. आजीने पिशव्या बदलत्या ठेवल्या. सगळा मजकूर इंग्रजीत. आजोबांना वाचता आला नाही, आजीला नाही, बाबा बोट ठेवून अर्ध्यावर थांबायचे. मी कॉलेजात गेल्यावर शब्दकोश घेऊन एकदा पुरा केला होता.

लेकीने तो हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. भराभर, न अडखळता, शाळेत वाचतात तशा सुरात. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, आजोबांचं नाव, आजोबांच्या बापाचं नाव. ह्या घरात तो कागद असा वाहत्या पाण्यासारखा पहिल्यांदाच वाचला जात होता. बाहेर रंगारी खिडकीशी येऊन उभा राहिला, ब्रश थांबवून. दुसऱ्या परिच्छेदात ती एका शब्दावर अडली. पुन्हा वाचून पाहिला, अक्षरं सुटी करून. मग कागदावरून मान वर करून मला विचारलं, ‘बाबा, मुंडकार म्हणजे काय?’

रंगारी म्हणाला, ‘तें म्हाका खबर आसा. पूण पयलीं सांग, हो फोटो खंय लावपाचो?’